मायफळाचे झाड

बाळगुटीच्या डबीत हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, जायफळ, ज्येष्ठमध, खारीक अशी ओळखीची मंडळी असतात. त्यांच्यातच सुपारीहून लहान, राखी-हिरवट रंगाची आणि अंगावर बारीक टेंगळे असलेली एक गोळी असते. तिला मायफळ म्हणतात. सोलापुरातल्या कोणत्याही काष्ठौषधीच्या दुकानात ते मिळते. पोराला जुलाब होत असले की आजी सहाणेवर त्याचे दोन वेढे जास्त देते. (पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नका, असे आजचे बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि त्यांचे ऐकावे.)

नावात फळ असले तरी हे फळ नव्हे. सिरिया, तुर्कस्तान, इराक, इराण या पट्ट्यात ओकची एक खुरटी जात वाढते. गांधीलमाशीच्या गोतातली एक अगदी बारीक माशी त्या झाडाच्या कोवळ्या डोळ्यात अंडे घालते. अळी आत वाढू लागली की झाड तिच्याभोवती गाठ धरते आणि ती गाठ कडू-तुरट रसाने भरून टाकते. मायफळ म्हणजे ही गाठ. घरातले मायफळ हातात घेऊन निरखा. बऱ्याच मायफळांना एक बारीक गोल भोक दिसेल. माशी वाढून बाहेर पडली, तिची ती वाट. भोक नसलेले, जड आणि गडद मायफळ जास्त तुरट असते, म्हणून जाणकार गिऱ्हाईक तसलेच निवडून घेते. पांढुरके, हलके आणि भोक पडलेले मायफळ स्वस्त असते.

म्हणजे पवित्र शास्त्रात, बायबलात, ज्या झाडाखाली अब्राहामाने पाहुण्यांना बसवले, याकोबाने मूर्ती पुरल्या आणि अबशालोम लटकला, त्या झाडाच्या कुळाचा एक तुकडा सोलापूरच्या घराघरांत आहे. फक्त तो ओकचा आहे हे कुणाला ठाऊक नसते.

झाड म्हणून ओक आपल्याकडे नाही. हिमालयात बांज या नावाने त्याची रानेच्या राने आहेत, ईशान्य भारतातही त्याच्या जाती आहेत, पण सह्याद्रीत तो आपण होऊन उगवत नाही आणि सोलापूरच्या काळ्या रानात तर नाहीच. पॅलेस्टाईनच्या डोंगरांवर पाऊस आपल्यासारखाच बेताचा असतो, पण तो हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत जातो. आपले पावसाचे गणित मृगापासून सुरू होते. तिकडची झाडे या वेळापत्रकात बसत नाहीत. आपल्याकडे बंगल्यांच्या आणि शाळांच्या आवारात जो सिल्व्हर ओक दिसतो, आणि ज्याचे नाव शरद पवारांच्या मुंबईतल्या निवासस्थानामुळे राजकीय बातम्यांत रोज ऐकू येते, तो ओक नव्हेच. तो ऑस्ट्रेलियातला, वेगळ्याच कुळातला वृक्ष.

तरीही सोलापुरात दीडशेहून अधिक वर्षे ओकची गोष्ट वाचली जाते आहे. अमेरिकन बोर्ड या संस्थेचे मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले, पुढे अहमदनगरला गेले आणि १८६०च्या दशकात सोलापुरात आले. हे लोक मॅसॅच्युसेट्स, कनेक्टिकट अशा ओकच्या मुलखातून आलेले. त्यांच्या गावच्या ओकखाली सभा भरत, करार होत. पवित्र शास्त्रात ओकचे नाव आले की त्यांच्या डोळ्यांपुढे आपल्या गावचे झाड उभे राहत असणार. सोलापूरच्या वाचकापुढे मात्र वड किंवा कडुनिंब उभा राहिला असणार. माझ्या मते या बाबतीत मिशनऱ्यापेक्षा सोलापूरकर मूळ गोष्टीच्या जास्त जवळ होता. का, ते पुढे येईलच.

पवित्र शास्त्रातला ओक इंग्लंड-अमेरिकेतल्या ओकसारखा नाही. त्या देशात मुख्यतः दोन ओक. एक सदाहरित, लहान काटेरी पानांचा, बहुतेक वेळा झुडपाएवढाच राहणारा. मात्र शेकडो वर्षे कुणी तोडला नाही तर त्याचाही वृक्ष होतो. दुसरा ताबोर डोंगराच्या नावाने ओळखला जाणारा, पानगळीचा. बाशानच्या पठारावर तो होता, आणि सोर बंदराच्या गलबतांची वल्ही बाशानच्या ओकची होती असे यहेज्केल संदेष्टा सांगतो. या दोघांच्या जोडीला तिसरे एक झाड उभे असते आणि तिथून घोळ सुरू होतो. ते पिस्त्याच्या गोतातले. इंग्रजीत त्याला टेरेबिंथ म्हणतात, आपला आंबा, काजू आणि बिब्बाही त्याच कुळातले. जुन्या हिब्रूत ओकचे आणि या झाडाचे नाव जवळजवळ सारखे. त्यामुळे एकाच वचनात एक भाषांतर ओक म्हणते आणि दुसरे टेरेबिंथ. दावीद आणि गल्याथ यांची गाठ पडली ते एला खोरे, ते बहुधा या पिस्त्याच्या भावाचे. जॉर्डनमधल्या मादबा गावी चर्चच्या जमिनीवर सहाव्या शतकातला रंगीत खड्यांचा नकाशा आहे. त्यात, अब्राहामाचा तळ पडला त्या मम्रेजवळ, दोन्ही झाडांची नावे लिहून ठेवली आहेत! नकाशा करणाऱ्यालाही निवड करवली नसावी.

आता पुन्हा बाळगुटीच्या डबीत डोकावू. त्यात खोकल्यावर उगाळायची काकडशिंगी असते, शिंगासारखी वाकडी आणि आतून पोकळ. तीही गाठच. हिमालयाच्या वायव्य भागात पिस्त्याच्या गोतातले एक झाड आहे, त्याच्या पानावर मावा पडला की ही शिंगे धरतात. म्हणजे हिब्रूचे पंडित ज्या दोन कुळांवरून शतकानुशतके वाद घालत आले, त्या दोन्ही कुळांच्या गाठी आपल्या आज्यांनी एकाच डबीत ठेवल्या. एक जुलाबावर, एक खोकल्यावर. कुणाचा गोंधळ झाला नाही.

गोष्टींकडे वळू. अब्राहाम कनानात आला आणि त्याचा पहिला मुक्काम पडला तो शखेमजवळच्या मोरेच्या झाडापाशी. पुढे हेब्रोनजवळ मम्रेच्या राईत त्याने तळ दिला. भर दुपारी तंबूच्या दारात तो बसला असताना तीन अनोळखी माणसे दिसली. तो धावत गेला, पाय धुवायला पाणी आणवले, झाडाखाली बसवले, भाकरी भाजायला सांगितल्या, वासरू कापले आणि ते जेवत असताना स्वतः उभा राहिला. हे यजमानपण आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. पाहुणे माणसे नव्हती हे त्याला नंतर कळले. ख्रिस्ती परंपरेने या तिघांत त्रैक्याची खूण पाहिली. पंधराव्या शतकाच्या सुरुवातीच्या आंद्रेय रुब्लेव्हच्या प्रसिद्ध रशियन चित्रात तीन देवदूत मेजाभोवती बसले आहेत आणि मधल्याच्या मागे एक झाड आहे. ते मम्रेचे.

अब्राहामाचा नातू याकोब. घरच्यांनी बरोबर आणलेल्या परक्या देवांच्या मूर्ती आणि कानातली कुंडले त्याने मागून घेतली आणि शखेमच्या ओकखाली पुरून टाकली. जाळली नाहीत, फोडली नाहीत, पुरली. हा तपशील मला फार बोलका वाटतो. झाडाखालची जागा आधीच पवित्र होती, म्हणून जुने देव टाकायलाही तीच सापडली. त्याच अध्यायात रिबकेची दाई दबोरा मरते आणि तिला बेथेलच्या खाली एका ओकखाली पुरतात. त्या झाडाला रडण्याचे नाव पडते. राजांच्या राण्यांची थडगी इतिहासात पुष्कळ सापडतात. एका म्हाताऱ्या दाईचे थडगे, झाडाच्या खुणेसकट, एवढ्या जुन्या ग्रंथात क्वचितच.

पुढची यादी झपाट्याने. यहोशवा लोकांकडून शपथ घेतो आणि शखेमच्या ओकखाली साक्षीचा धोंडा उभा करतो. त्याच शखेमात पुढे अबीमलेखाला झाडाखाली राजा करतात; तो भावांचे खून करून गादीवर आलेला, म्हणजे झाड चांगल्यालाही साक्षी आणि वाईटालाही. मिद्यान्यांच्या भीतीने द्राक्षकुंडात लपून गहू झोडपणाऱ्या गिदोनाला देवदूत भेटतो तो झाडाखालीच बसलेला असतो. दावीदाचा मुलगा अबशालोम बापाविरुद्ध लढताना खेचरावरून ओकखालून जातो, डोके फांद्यांत अडकते, खेचर पुढे निघून जाते आणि राजपुत्र अधांतरी लटकतो. शौल राजा आणि त्याच्या मुलांच्या अस्थीही याबेश गावी झाडाखालीच पुरल्या आहेत.

राज्याभिषेक, शपथ, दफन, भेट हे सगळे झाडाखाली. अक्कलकोटच्या माणसाला यात नवल वाटणार नाही. स्वामी समर्थांचे मंदिर वटवृक्षाच्या नावानेच ओळखले जाते. १८७८ साली स्वामींनी देह ठेवला तरी लोक त्या वडाला प्रदक्षिणा घालतात, कारण स्वामी त्या झाडाखाली बसत. तिथे झाड देव नसते, देवमाणूस भेटल्याची जागा असते. मम्रेच्या आणि मोरेच्या झाडांचेही तसेच. कोरड्या मुलखात उंच झाड दुरून दिसते, त्याच्याखाली सावली असते, बहुधा पाणीही जवळ असते. माणसे तिथेच थांबणार, भांडणे तिथेच मिटणार, देवही तिथेच भेटणार. मिशनऱ्यांच्या गावचा ओक भव्य असेल, पण सावलीची अशी किंमत सोलापूरच्या एप्रिलमध्येच कळते.

पण भेटीच्या जागेची पूजेची जागा व्हायला वेळ लागत नाही. तिथे शास्त्राचा सूर पालटतो. अनुवादाच्या पुस्तकात हुकूम येतो की हिरव्या झाडांखालची सगळी पूजास्थाने मोडून टाका आणि परमेश्वराच्या वेदीजवळ झाड लावू नका. होशेय संदेष्टा चिडून सांगतो की लोक ओकखाली धूप जाळतात, कारण सावली छान पडते. त्या चिडण्यातही कारण किती घरगुती दिले आहे! सिद्धांताचे नाव नाही, गार वाटते एवढेच. यशया आणखी पुढे जातो. सुताराची गोष्ट सांगून तो टिंगल करतो: माणूस झाड तोडतो, अर्ध्याचे जळण करून भाकरी भाजतो, शेकोटीला बसतो, आणि उरलेल्या अर्ध्याचा देव करून त्याच्यापुढे लोटांगण घालतो. हा सूर आपल्या संतांच्या वाङ्मयातही ऐकलेला आहे. आणि हाच यशया दुसरीकडे, राष्ट्र उद्ध्वस्त होणार म्हणताना, तोडलेल्या ओकच्या बुंध्याचे उदाहरण घेतो: बुंधा राहतो, त्यातून फुटवा येतो, तेच पवित्र बीज. ओकवरून माणसांना झोडपायचे आणि धीर द्यायचा तोही ओकवरूनच.

या ओढाताणीचा सगळ्यात रंगतदार पुरावा मम्रेलाच आहे. हेब्रोनच्या उत्तरेला तीनेक किलोमीटरवर ही जागा. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार योसेफस सांगतो की तिथले झाड सृष्टीच्या आरंभापासूनचे आहे असे लोक मानत. हेरोद राजाने भोवती मोठ्या दगडांचा कोट घातला. इ.स. १३५ मध्ये यहुद्यांचे बंड रोमनांनी चिरडले, तेव्हा कैद केलेल्या यहुद्यांना गुलाम म्हणून याच ठिकाणच्या बाजारात विकले असे ख्रिस्ती पंडित जेरोम लिहितो. अब्राहामाच्या झाडाखाली अब्राहामाच्या लेकरांचा लिलाव. यहुदी लोक त्या बाजाराचा तिटकारा का करत, हे वेगळे सांगायला नको.

तरी तिथे भरणारी जत्रा थांबली नाही. पाचव्या शतकात सोझोमेन नावाच्या ख्रिस्ती इतिहासकाराने तिचे वर्णन केले आहे. तो गाझाजवळचाच, त्यामुळे ऐकीव गोष्टी सांगत नसावा. दर उन्हाळ्यात तिथे आसपासचे आणि लांबचे लोक जमत. यहुदी येत, कारण अब्राहाम त्यांचा बाप. मूर्तिपूजक येत, कारण देवदूत आले होते. ख्रिस्ती येत, कारण त्यांच्या मते त्या तिघांत ख्रिस्त होता. जो तो आपापल्या रीतीने पूजा करी. कुणी देवाची प्रार्थना करी, कुणी देवदूतांना द्राक्षारस ओती, धूप जाळी, बैल, बकरा, मेंढा नाहीतर कोंबडा कापी. त्या दिवसासाठी वर्षभर जनावर पोसून ठेवलेले असे. विहिरीच्या कडेने दिवे लावत. कुणी विहिरीत द्राक्षारस ओतत, कुणी पोळ्या टाकत, कुणी नाणी, कुणी सुगंधी द्रव्ये. मग ते पाणी कुणाला पिता येत नसे. बायका नटूनथटून येत. तंबू एकमेकांना खेटून पडलेले असत, तरी त्या दिवसांत सगळे संयमाने राहत, असे सोझोमेन मुद्दाम नोंदवतो. अर्थात जत्रेबरोबर बाजारही भरे.

सोलापूरच्या होम मैदानावरचा गड्डा ज्याने पाहिला आहे त्याला यातली कुठलीच गोष्ट परकी वाटणार नाही. संक्रांतीला सिद्धरामेश्वराची यात्रा, नंदीध्वज, अक्षता, आणि त्याच वेळी पाळणे, भांडी, खेळणी, खाणे. कोण भक्तीला आले आणि कोण भज्यांना, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनला मात्र मांडावासा वाटला. त्याची सासू युट्रोपिया त्या भागात गेली होती. तिने झाडाखालच्या मूर्ती आणि बळी पाहिले आणि जावयाला कळवले. त्याने यरुशलेमच्या आणि इतर बिशपांना खरमरीत पत्र धाडले: असले काही तिथे चालू राहिले हे तुमच्या लक्षात कसे आले नाही? मूर्ती जाळा, वेदी पाडा, चर्च बांधा. पत्र इतिहासकार युसेबियसने जपून ठेवले आहे. चर्च बांधलेही, १९२६ ते १९२८ मध्ये जर्मन संशोधक माडर याने उत्खनन करून त्याचा पाया उघडा केला. पण सोझोमेनचे वर्णन त्या पत्रानंतर शंभर वर्षांनी लिहिलेले आहे आणि तोही सांगतो की जत्रा अजून भरते. सम्राटाचा हुकूम आणि जत्रा यांत जत्रा टिकली. पुढे काळाच्या ओघात झाडही गेले आणि चर्चही गेले.

मग भाविकांनी दुसरे झाड शोधले. हेब्रोनच्या दुसऱ्या बाजूला एक प्रचंड जुना, काटेरी पानांचा ओक उभा होता. लोक त्याला अब्राहामाचा ओक म्हणू लागले. १८३८ मध्ये अमेरिकन भूगोलतज्ज्ञ एडवर्ड रॉबिन्सन तिथे गेला आणि त्याने बुंध्याचा घेर मोजला, तो साडेबावीस फूट भरला. त्याच्या सोबत दुभाष्या आणि वाटाड्या म्हणून एली स्मिथ होता, अमेरिकन बोर्डाचा बैरूतमधला मिशनरी. सोलापूरला माणसे धाडली ती याच बोर्डाने.

१८६८ साली रशियन धर्मगुरू अँतोनिन कपुस्तिन याने ही जागा विकत घेतली. रशियन यात्रेकरू येऊ लागले आणि साल, डहाळ्या, जे हाताला लागेल ते प्रसाद म्हणून नेऊ लागले. भोवती कुंपण घालावे लागले, बुंध्याला लोखंडी टेकू द्यावे लागले. हे झाड मेले की जगाचा अंत जवळ, असा समज होता. १९९६ पर्यंत झाड पुरते वाळले. जग चालू राहिले. दोनेक वर्षांनी मुळाशी एक फुटवा दिसला, तेव्हा मठातल्या लोकांना यशयाचा बुंधा आठवला असेल तर नवल नाही. वाळलेला जुना सांगाडा २०१९ मध्ये कोसळला. ते वर्ष ओकला वाईटच म्हणायचे. त्याच एप्रिलमध्ये पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलचे मध्ययुगीन छप्पर जळाले. त्यात इतके ओक वापरले होते की त्याला जंगलच म्हणत. नव्या छपरासाठी आणि मनोऱ्यासाठी फ्रान्सभरातून सुमारे २००० ओक तोडले गेले आणि डिसेंबर २०२४ मध्ये कॅथेड्रल पुन्हा उघडले.

युरोपात ओकचे प्रकरण निराळे. तिथे तो गडगडाटाच्या देवाचा वृक्ष होता. ७२३च्या सुमारास बोनिफेस या इंग्रज मिशनऱ्याने जर्मनीत गाइस्मार इथला डोनार देवाचा ओक सर्वांदेखत तोडला. थोडे घाव पडतात न पडतात तोच वारा सुटला आणि झाड चार तुकडे होऊन पडले, असे त्याचा चरित्रकार सांगतो. लोक वीज पडायची वाट पाहत होते, ती पडली नाही. त्याच लाकडाचे बोनिफेसने संत पेत्राच्या नावाचे प्रार्थनामंदिर बांधले. ही गोष्ट मिशनरी वाङ्मयात फार लाडकी आहे. मला तिच्याहून पोप ग्रेगरीचे ६०१ सालचे पत्र जास्त शहाणपणाचे वाटते: इंग्लंडातली देवळे पाडू नका, मूर्ती काढा, पवित्र जल शिंपडा आणि तिथेच लोकांना येऊ द्या, ओळखीच्या जागी माणसे सहज येतात. महाराष्ट्रात ख्रिस्ती मंडळींना अभंग, ओवी आणि कीर्तन देणारे नारायण वामन टिळक याच वाटेचे. कुऱ्हाड हाती न घेता त्यांनी टाळ घेतले. आयर्लंडमध्येही असेच झाले. संत ब्रिजिडचे किल्डेर हे गाव ओकच्या नावाने ओळखले जाणारे देऊळ घेऊनच वसले. फ्रान्सच्या नॉर्मंडीत आलूव्हिल गावी तर आठशे-हजार वर्षांच्या पोकळ ओकच्या पोटात १६९६ मध्ये प्रार्थनेची खोली केली, ती अजून आहे. राज्यक्रांतीच्या काळात जमाव जाळायला आला तेव्हा गावकऱ्याने झाडावर बुद्धिदेवीच्या मंदिराची पाटी ठोकून ते वाचवले. पाटी बदलून जीव वाचवण्याची युक्ती सर्व धर्मांत चालते.

आता शाई. ओकचे खरे काम इथे आहे आणि त्याच्याबद्दल सर्वांत कमी बोलले जाते. मायफळे भरडून पाण्यात दोन-तीन दिवस भिजत घालायची. पाणी चहासारखे तपकिरी होते. ते गाळून त्यात हिराकस टाकायचा, तोच हिरवट खडा जो रंगारी वापरतो. पाणी पाहता पाहता जांभळट-काळे होते. मग जरा डिंक घालायचा म्हणजे शाई लेखणीवर धरते. लिहिताना ती फिकी दिसते आणि हवा लागली की काळी पडत जाते, कारण हिराकसातले लोह हवेने बदलते आणि मायफळाच्या तुरट आम्लाशी त्याची काळी गाठ बसते. घरी करून पाहण्यासारखे आहे; फक्त आईच्या सहाणेवर करू नये, डाग जन्मात जात नाही.

आपल्या पोथ्या आणि मोडी कागद काजळाच्या शाईने लिहिलेले असत. काजळ वर बसते, ओल्या बोटाने पुसता येते. मायफळाची शाई लिहिण्यासाठी कमावलेल्या कातड्यात मुरते. तेलंगणातून आलेले सोलापूरचे विणकर जसा रंग सुतात मुरवतात तशी. मृत समुद्राजवळच्या गुहांत सापडलेल्या जुन्या गुंडाळ्या बहुतेक काजळाच्याच शाईच्या आहेत. पण चौथ्या शतकातले ग्रीक पवित्र शास्त्र, कोडेक्स सिनाईटिकस, ज्याची चारशेहून अधिक पाने लंडन, लाइपझिग, सेंट पीटर्सबर्ग आणि सीनाय डोंगराच्या मठात विभागून आहेत, ते मायफळ-हिराकसाच्या शाईचे आहे. पुढची हजार-बाराशे वर्षे युरोपातल्या मठांतून जे शास्त्र नकलून काढले गेले, त्याची मुख्य शाई हीच. तोराची, म्हणजे मोशेच्या नियमशास्त्राची, गुंडाळी लिहिणारे यहुदी लेखक आजही मायफळ वापरतात. ओकखाली धूप जाळू नका, हे होशेयाचे वचन शतकानुशतके ओकच्याच रसाने लिहिले गेले. संदेष्ट्यांनी झाडाला वेदीजवळून हाकलले आणि ते दौतीतून परत आले.

या शाईला एक खोड आहे. हिराकस जास्त झाला तर ती कागद खाते. कातडे पुष्कळ सोसते, कागद नाही. अक्षरांच्या जागी चाळणीसारखी भोके पडतात. युरोपातल्या ग्रंथालयांत नुसत्या या दुखण्यावर काम करणारे तज्ज्ञ आहेत.

ओकचे आणखी एक देणे रंगाचे, आणि ते सोलापूरला सांगायलाच हवे. काटेरी ओकच्या फांद्यांवर एक कीड चिकटून बसते. मादी फुगून वाटाण्याएवढी होते. ती खरवडून वाळवली की लाल रंग मिळतो. जुन्या जगाचा किरमिजी तो हाच. सभामंडपाच्या पडद्यांत किरमिजी धागा होता, यरीहोच्या राहाबेने खिडकीला बांधली ती दोरी किरमिजी, शिपायांनी थट्टेने येशूच्या अंगावर घातलेला झगा मत्तयाच्या शुभवर्तमानात याच रंगाचा. समुद्री शिंपल्यांचा जांभळा रंग मिळेनासा झाल्यावर पंधराव्या शतकात पोप दुसरा पॉल याने कार्डिनलांचे झगे याच किडीच्या लालात रंगवायला सांगितले. २०२४ मध्ये इस्रायली संशोधकांनी यहुदीयाच्या वाळवंटातल्या एका गुहेत मिळालेली चिंधी तपासली. दीड सेंटिमीटरहून लहान, पण सुमारे ३८०० वर्षांपूर्वीची, आणि तिचा लाल ओकच्या किडीचा निघाला. त्या देशात मिळणाऱ्या जातीचा मात्र नव्हे. ती कीड भूमध्य समुद्राच्या दुसऱ्या भागांतली, म्हणजे रंग तेव्हाही व्यापारातून येत होता.

हा रंग लोकरीवर आणि रेशमावर सुरेख चढतो. सुतावर धरत नाही. म्हणून सोलापूरसारख्या सुती कापडाच्या पेठेत त्याला गिऱ्हाईक नव्हते. दख्खनमध्ये लाल हवा असला की आल नावाच्या झाडाच्या मुळ्या वापरत. काळ्या जमिनीत आल मुद्दाम लावत, दोन-तीन वर्षांनी मुळ्या खणून काढत. १८६९ मध्ये तसाच लाल कारखान्यात बनवता येऊ लागला आणि थोड्याच वर्षांत आलीचे मळे मोडले. पण आल असो की दुसरा कोणता रंग, सुताला तो नुसता लागत नाही. आधी कापड तुरट पाण्यात बुडवून, मग तुरटीत घालून त्याला रंग धरायला तयार करावे लागते. ओकच्या मुलखात त्यासाठी मायफळ घेत. आपल्या रंगाऱ्यांना ते चालले असते, पण ते समुद्रापलीकडून येणार आणि दाम देऊन घ्यावे लागणार. हिरडा जुन्नर-महाबळेश्वरच्या रानात गोळा करून पोत्याने मिळत होता. त्यांनी हिरडा घेतला, आणि मायफळ बाळगुटीपुरते राहिले.